वरच्या मजल्यावर माणसंच राहू द्या

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या आणखी एका घरात वर कापडाचे गठ्ठे चढले. खाली दुकान होतंच, आता वर गोडाऊन. ज्या खिडकीतून समोरच्या काकू रोज सकाळी माझ्या मायला "चहा झाला का वहिनी?" विचारायच्या, ती पत्रा ठोकून बंद केली. फार लागलं मनाला.

धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, याचं पाहुण्यांना नवल वाटतं. 1819 च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचा कारभार इथे आणला आणि जुन्या धुळ्याशेजारी सरळ रस्ते आखून नवी पेठ वसवली. त्याच या गल्ल्या. घराचं तोंड अरुंद, आत खोलच खोल. पुढे दुकान, मागे चूल, वर बिऱ्हाड. शटर पडलं तरी वर दिवा असायचा.

त्या दिव्याची किंमत मला एका रात्री कळली. दोन वाजता बाबांच्या छातीत कळ आली. गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, ॲम्ब्युलन्स आग्रा रोडवरच अडली. माझी हाक ऐकून वरच्या मजल्यांवरून पाच जण खाली धावले. बाबांना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून रस्त्यापर्यंत नेलं. बाबा वाचले. त्या पाचांपैकी तीन घरांत आज गोडाऊन आहे.

घरमालकांची अडचण मला कळते. गठ्ठे पाणी मागत नाहीत, भाडं वेळेवर येतं. इथे नळ कित्येक दिवसांआड येतो, गाडी लावायला जागा नाही, म्हणून तरुण मंडळी नदीपलीकडच्या देवपूरकडे गेली. पण जुनी सागवानी तुळई, जुनी वायरिंग आणि वर छतापर्यंत कापड. रात्री धूर निघाला तर बघणार कोण?

मायला भावाने देवपूरच्या फ्लॅटवर नेलं होतं. आठ दिवसांत परत आली. "तठे माले कोन वयखस?" म्हणाली, म्हणजे तिथे मला कोण ओळखतं? श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाला मात्र सगळे भाऊबंद इथेच येतात, प्रसादाचे रोट इथेच होतात, तेव्हा जिन्यात चपला ठेवायला जागा उरत नाही. एरवी वर्षभर वरच्या दोन खोल्या रिकाम्या.

त्या खोल्यांना गोडाऊनसाठी चांगलं भाडं सांगून गेले परवा. मी नाही म्हटलं. मला बिऱ्हाडकरू हवाय. लहान पोरं असली तरी चालतील, जिन्यात दंगा केला तरी चालेल. भाडं कमी घेईन, पाण्याची टाकी मी बसवून देतो. कोणाला गरज असेल तर कळवा.