खाऊगल्ली साफ केली की चव कुठे जाते?

मुंबई-पुण्यात फेरीवाल्यांवरून वाद पेटला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘चीनमध्ये बघा, रस्ते कसे मोकळे ठेवतात.’ त्याच चीनच्या झगमगीत खाऊगल्ल्यांचे व्हिडिओ पाहून ‘हे आपल्याकडे का नाही?’ असं विचारणारेही कमी नाहीत. शीआन शहरात दोघांचंही म्हणणं तपासता येतं. दोघांनाही थोडं नमतं घ्यावं लागेल.

शहराच्या मधोमध १३८० सालचा ड्रम टॉवर आहे. त्याच्यापासून उत्तरेला जाणारा बैयुआनमन रस्ता म्हणजे पर्यटकांना माहीत असलेला ‘मुस्लिम मोहल्ला’. फरसबंदी चोख, रोषणाई भरपूर. आणि खायला? काडीला खोचलेला स्क्विड (माकुल) आणि हूनान प्रांताकडचा उग्र वासाचा टोफू. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेल्या शहराचा स्क्विडशी काय संबंध? संबंध भाड्याशी आहे. पर्यटक वाढले की गाळ्याचं भाडं चढतं, आणि मग चालता चालता झटपट विकलं जाईल तेच परवडतं. शहरालगतच्या लिनथोंगच्या डाळिंबांचा रस मात्र खरोखर इथला. शरद ऋतूत जरूर प्यावा.

अस्सल खाणं शीयांगशर, दापीयुआन, साजिनछ्याव या आतल्या आणि पश्चिमेकडच्या गल्ल्यांत आहे. चीनमधल्या हुई समाजाची मुस्लिम कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि धंदाही तिथेच करतात. सकाळी जावं. चांगल्या पाओमोवाल्यांपैकी बरेच जण दुपारी जेवणाची वेळ टळली की शटर ओढतात.

पाओमो म्हणजे मटणाच्या किंवा बीफच्या रश्श्यात शिजवलेली रोटी. वाडगा आणि जाड, घट्ट रोट्या आधी गिऱ्हाइकापुढे येतात. कुस्करायचं काम त्याचंच. तुकडे सोयाबीनच्या दाण्याएवढे हवेत. मोठे राहिले तर रस्सा आत मुरत नाही, फार बारीक झाले तर लगदा होतो. या रोटीच्या पिठात आंबवलेला भाग अगदी थोडा असतो, म्हणूनच ती उकळत्या रश्श्यात तग धरते. कुस्करून झालं की वाडगा आत जातो. सोबतचा नंबर जपून ठेवावा, म्हणजे आपलेच तुकडे आपल्याकडे परत येतात. रस्सा किती ठेवायचा तेही सांगता येतं: ‘गानफाओ’ म्हणजे जवळपास कोरडं, ‘खौथांग’ म्हणजे शेवटी घोटभर उरेल इतका, ‘श्वेवेइछंग’ म्हणजे भोवती रश्श्याचं तळं. आल्यावर ढवळू नये. मिरचीचा ठेचा बाजूला घेऊन कडेकडेने खात जावं, मध्येमध्ये गोड मुरवलेल्या लसणाची पाकळी. ढवळलं की ते लवकर निवतं आणि चिकट होतं. मराठी पर्यटक नेमका इथेच चुकतो, कारण काला करायची आपली जुनी सवय.

बीफ वर्ज्य असेल तर ‘यांग’ (मटण) असं मागावं, ‘न्यू’ (बीफ) टाळावं. रोज्यामो, म्हणजे मांस भरलेला पाव, या मोहल्ल्यात बहुधा बीफचा मिळतो आणि मोहल्ल्याबाहेर डुकराच्या मांसाचा. शाकाहारींसाठी तिळाच्या वाटणातलं ल्यांगफी उत्तम: गव्हाची कणीक पाण्यात धुऊन निघालेल्या सत्त्वाच्या वाफवलेल्या पट्ट्या, थंडच खायच्या. ब्यांगब्यांग नूडल (पट्ट्यासारखी रुंद) ‘यौफो’ पद्धतीची मागितली की वर तिखट घालून कडकडीत तेल ओततात. मांसाचा खिमा नको, हे मात्र आधी बजावावं.

भटकंतीत जुन्या शहराभोवतीच्या १३.७ किलोमीटरच्या तटावरची सायकल सोडू नये. दीड-दोन तास लागतात, विटांमुळे हादरे बसतात. ६५२ साली बांधायला घेतलेला मोठा हंस पॅगोडा श्वेनत्सांगने (आपला ह्युएनत्संग) भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी उभा राहिला. पुलकेशीचा महाराष्ट्र पाहिलेला हाच तो प्रवासी. पॅगोड्याच्या दक्षिणेला मात्र तांग घराण्याच्या काळाची नक्कल करणारा नवाकोरा झगमगाट आहे, आणि तिथल्या खाण्याला शीआनचा पत्ताच नाही.

आता आपल्या वादाकडे. चीनमध्ये रस्ते आपोआप मोकळे होत नाहीत. छंगक्वान नावाचं पालिकेचं दल ते करतं आणि त्याची दांडगाई चिनी लोकांनाही नकोशी असते. २०२० मध्ये कोविडने रोजगार बुडाले तेव्हा तत्कालीन पंतप्रधान ली खछ्यांग यांनीच रस्त्यावरच्या ठेल्यांची जाहीर तारीफ केली. लगेच बीजिंगच्या सरकारी वृत्तपत्राने हे राजधानीला शोभत नाही म्हणून नाक मुरडलं. म्हणजे वाद तिथेही मिटलेला नाही.

आपल्या २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात बैयुआनमनच्या दुखण्यावर औषध आहे. ५० वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार (विक्रेते आणि गिऱ्हाइकं परंपरेने जमत आलेली जागा) वारसा बाजार ठरवावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं त्यात म्हटलं आहे. परवानाधारकाने धंदा स्वतः किंवा घरच्यांमार्फत करावा, जागा भाड्याने देऊ नये, हीही अट आहे. आपली भांडणं मात्र लोकसंख्येच्या अडीच टक्केच विक्रेते या मर्यादेवर आणि स्टेशनपासून किती मीटरवर बसू द्यायचं यावर अडतात. परवाना एकाचा, गाडी दुसऱ्याची आणि रोजचं भाडं तिसऱ्याच्या खिशात, हे जोवर कोणी तपासत नाही तोवर चकचकीत ‘फूड स्ट्रीट’ उभारला तरी तिथे शेजवान डोसा आणि चीज मोमोच उरतील. थालीपीठवाली तिथलं भाडं भरू शकणार नाही.