‘आजीला पलंगावरून उतरू देऊ नका’वाला मेसेज

वाडीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. म्हातारं माणूस ॲडमिट झालं की पूर्ण आराम द्या, लघवीला नळी घालून घ्या, बरळलं तर वयामुळे असतं, चार दिवस जास्त ठेवा, आणि दागिने, चष्मा, कवळी घरीच ठेवा कारण हरवतात. खाली सगळे हात जोडतायत. मागच्या पावसात आत्याला न्यूमोनिया झाला तेव्हा आम्ही हे सगळं करून बसलोय, म्हणून लिहितेय.

पहिलं आरामाचं. म्हाताऱ्या पायातलं मांस पडून राहिलं की भराभर जातं, २००७ साली छापून आलेल्या एका अमेरिकन प्रयोगात सरासरी ६७ वयाच्या १२ धडधाकट माणसांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं तर पायातला जवळजवळ १ किलो स्नायू गेला, आणि ती माणसं आजारी पण नव्हती! आत्या रिक्षापर्यंत चालत गेलेली, परत आली तेव्हा पडवीची पायरी चढवायला दोघं लागले. खुर्चीत बसवू का, बाथरूमपर्यंत नेऊ का, हे डॉक्टरांना विचारा. उठताच येत नसेल तर साधारण दोन-दोन तासांनी कूस तरी बदला, नाहीतर माकडहाडापाशी जखम होते.

नळी कधी कधी लागतेच, लघवी अडकली किंवा मोजायची असली तर. पण रात्री उठवायला कोण नाही म्हणून घातलेली (आमची तशीच होती, खोटं कशाला बोलू) जितके दिवस राहील तितका इन्फेक्शनचा धोका. रोज राउंडला विचारायचं, आज काढायची का. जास्तीच्या चार दिवसांचंही तेच, डॉक्टर सोडतायत तर घरी या, पेज घरची जास्त जाते.

आता ‘वयामुळे’. याचा मला खरा राग आहे. आदल्या आठवड्यापर्यंत काजूचा हिशोब तोंडावर सांगणारी बाई तिसऱ्या रात्री म्हणते, "माडार कोण चडलो हा, तेका खाली येवक सांगा." सकाळी शहाणी, संध्याकाळी परत तेच. मुंबईहून आलेला भाऊ म्हणाला डिमेन्शिया, काका म्हणाले देवाला गाऱ्हाणं घाला. डिमेन्शिया असा दोन दिवसात येत नाही हो, हा डेलिरियम होता, म्हणजे आजारपणात अचानक येणारा, कमी-जास्त होणारा डोक्याचा गोंधळ, आणि त्याला कारण असतं: इन्फेक्शन, पोटात पाणी कमी, झोप नाही, पोट साफ नाही, नवीन औषध, कधी झोपेचीच गोळी. काहीजण बरळत पण नाहीत, गप्प पडून राहतात, आणि आपण म्हणतो बरं झालं, शांत झोपलेत.

१९९९ च्या एका अभ्यासात सत्तरीच्या वरच्या ८५२ पेशंटपैकी ज्यांना चालवलं, पाणी पाजलं, रात्री झोपू दिलं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावलं त्यांच्यात डेलिरियम ९.९ टक्के, बाकीच्यांत १५.

आत्याचा चष्मा कुठे म्हणून नर्सनेच विचारलं. तो घरी, फळीवरच्या डब्यात, बांगड्यांबरोबर.

दागिने खुशाल घरी ठेवा. चष्मा, कवळी आणि यंत्र पहिल्याच पिशवीत टाका, वर नाव लिहून.