एकानं भागतंय की

काल संध्याकाळी एका अनोळखी माणसानं माझ्या अंगणात येऊन माझं इंजिन नापसंत केलं. ते विकायला काढलेलं नव्हतं. तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलंही होतं. तरी नापसंत झालं ते झालंच, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

प्रकरण असं. माझ्याकडे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. तिच्यात झोपायचा ओटा, स्टीलचं छोटं सिंक आणि शेगडी बसवून मी तिचं फिरतं घर करतोय. घर झालं, फिरणं राहिलं. कारण इंजिन ऑइल प्यायला लागलं आणि गल्लीभर निळा धूर सोडायला लागलं. मग ते उतरवलं आणि घरीच बांधायला घेतलं. ओएम 616. चार सिलिंडर, 2.4 लिटर, मूळ मर्सिडीजचं. बजाज टेम्पोनं परवान्यावर इकडे बनवलेलं. तिकडे जर्मनीत ह्याच इंजिनानं टॅक्स्या ओढल्या, इकडे वडापची खच्चून माणसं वाहिली. दोन्हीकडे तक्रार केली नाही.

ब्लॉकचं बोअरिंग आणि क्रँकचं ग्राइंडिंग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात झालं. त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तिथला मेस्त्री बोअरगेज सिलिंडरमध्ये सोडून डायलकडे बघत उसाच्या बिलाबद्दल बोलत असतो, आणि काम मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागात करतो. बाकीची जुळणी मी घरी केली. थंड इंजिनावर टॅपेट लावायचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी नेमकी फट ठेवायची : इनलेट 0.10, एक्झॉस्ट 0.30 मिलिमीटर. चौदाचे दोन पाने एकमेकांविरुद्ध धरायचे आणि मधनं फीलर गेजची पट्टी ओढून बघायची. पट्टी अडली पाहिजे, पण अडकता कामा नये. हे काम करताना माणूस श्वास रोखतो, आणि नेमकं तेव्हाच फाटकातनं कुणीतरी विचारतं, "काय चाललंय?"

कोल्हापुरात कुठलंही काम एकट्यानं करता येत नाही. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमाराला ह्याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला, तेव्हाही दारात माणसं उभी राहिलीच असणार. फक्त त्यांना कुणी "ह्यावर ऊस गाळता येईल का?" असं विचारलं नसावं. मला विचारलं. आबांनी विचारलं.

आबा समोरच्या घरात राहतात. उभं आयुष्य गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून गेलं. काहिलीतल्या, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतल्या, रसाचा थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का बघायची आणि आधण उतरवायचं, ह्यात त्यांचा हात धरणारा करवीर तालुक्यात नव्हता म्हणे. आता निवृत्त झालेत, पण जग अजून काहिलीतच दिसतं. परवा इंजिनातलं ऑइल काढत होतो, तर आबांनी दोन बोटांत थेंब घेतला, बोटं फाकवली, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि जाहीर केलं, "तार न्हाई."

गाडीत चढवायच्या आधी वायरिंग तपासायचं म्हणून मी इंजिन अंगणातच अँगलच्या स्टँडवर बसवलं होतं. आईची तुळस थोडी सरकवली, भिंतीच्या खिळ्याला डिझेलचा कॅन टांगला, पुढे रेडिएटर बांधला, बाजूला बॅटरी. लाइनमधली एअर काढली, हीटर लावला, सेल मारला आणि पठ्ठ्या एका दमात सुरू झाला. आनंदानं मला ओरडावंसं वाटलं. पण स्टँडवरचं इंजिन, टांगलेला कॅन आणि तो धडधडाट बघून आबांच्या डोळ्यांपुढे जे उभं राहिलं ते फिरतं घर नव्हतं. काल ते गिऱ्हाईकच घेऊन आले.

"हे काय, सुरूच हाय की," पाव्हणे म्हणाले.

"मालकानं सोता बांधलंय," आबा म्हणाले.

"नमस्कार," मी म्हणालो. "हे गाडीचं आहे. विकायचं नाही."

"तसंच म्हणायचं असतंय," आबांनी पाव्हण्यांच्या कानात सांगितलं, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

पाव्हण्यांनी चपला काढल्या आणि इंजिनाला एक फेरी मारली. दसऱ्यानंतर त्यांचं गुऱ्हाळ पेटणार होतं. ऊस गाळायचा चरका मोटरवर, पण थ्री फेजचा भरवसा नाही, म्हणून जोडीला इंजिन हवं होतं.

"एचपी किती?"

"साठाच्या वर."

"साठ? आमचा चरका पंधरावर फिरतोय. उरलेल्याचं काय करायचं?"

मी गप्प.

"आन् हे चार कशाला?"

"चार सिलिंडर आहेत."

"एकानं भागतंय की."

"एकानं गाडी चालत नाही."

"गाडी कुणाला पायजे?"

इथे मी थांबायला हवं होतं असं आई म्हणते. पण चार सिलिंडरचा अपमान मला सोसवेना. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 असते, एक पेटलेला असताना बाकीचे हवा ओढणं, दाबणं, धूर बाहेर टाकणं असं करत असतात, म्हणून क्रँक न अडखळता फिरतो, हे सगळं मी समजावलं. पाव्हण्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

"मंजे एका टायमाला जोर एकच लावतोय?"

"हो."

"आमच्या चुलवाणावर बी असंच," आबा म्हणाले. "एक जण ढवळतोय, तिघं बघत्यात."

"पंचवीस," पाव्हणे म्हणाले.

"अहो विकायचं नाही. आणि पंचवीस हजार काय? पिस्टन, बेअरिंगं, पंप-नोझलचं काम धरलं तरी साठाच्या खाली परवडत नाही."

आबांचा चेहरा उजळला. पाव्हणे वाकून वायरी बघायला लागले.

"एवढ्या वायरी? उंदीर खातील."

आता वायरिंगबद्दल बोलतोच. डिझेलला स्पार्क नाही, मग वायरिंग काय ते, असं लोकांना वाटतं. ह्या इंजिनाला प्रीचेंबर आहे, म्हणजे डिझेल आधी पेटतं ती छोटी खोली. हीटर प्लगनं तो तापवल्याशिवाय थंडीत ते दाद देत नाही, आणि प्लग करंट भरपूर खातात. सेल्फ तर त्याहून. म्हणून सेल्फला जाड केबल, आणि इंजिनापासून चेसीला तितकीच जाड अर्थिंगची केबल. ती ढिली असली तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलीतनं वाट काढतो आणि केबल धुरते. माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी सगळं वायरिंग एकाच लाल वायरीत ओढलं होतं. हॉर्न लाल, ब्रेकलाइट लाल, अर्थसुद्धा लाल. ते सगळं उपटून मी रंग लावून, थिंबल दाबून, फ्यूज घालून नव्यानं केलं. आणि हीटरचा नवा कोरा रिले डबीतनंच मेलेला निघाला. दुकानात गेलो तर काउंटरमागच्या पाटीकडे बोट : इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाही. घेताना तपासून देत नाहीत, घरी तपासला की परत घेत नाहीत, आणि दुसरा घ्यायला त्याच दुकानात जावं लागतं. वर पोरगं विचारतं, "तुम्हीच कनेक्शन उलटं दिलं नसेल कशावरनं?" पैशाचं सोडा. त्या पोराचं तोंड मला अजून झोपू देत नाही.

असो. पाव्हण्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, "हँडल कुठाय?"

"हँडल नाही. सेल्फवर सुरू होतं."

"आन् बॅटरी उतरली मंजे?"

"गाडीत असेल तर धक्का मारून होतं."

त्यांनी स्टँडच्या चारी पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग चपला घातल्या.

"चांगलं हाय," ते म्हणाले, "पर आमच्या कामाचं न्हाई. लई जपलंय मात्र पोरानं."

माझं वय सत्तेचाळीस आहे.

ते गेल्यावर आबा मागे रेंगाळले. "साठ एकदम बोलायचं नसतंय, बाळ. चाळीसला मी बसवला असता." मग गिऱ्हाईक आणल्याचा चहा प्यायले, दोन वेळा. रविवारी इस्लामपूरकडचा एक रसवंतीवाला येणार आहे. त्याला छोटं इंजिन लागतं, पण आबांच्या मते चारातलं एक सुटं करून देता येईल.

"येऊ नका म्हणून सांग त्यांना," मी आईला म्हणालो.

आई तुळस जुन्या जागी सरकवत होती. "साठ म्हणालास ते," तिनं विचारलं, "खरंच देईल का रे कोण?"