जंगल एकट्याला पोसत नाही

‘चाकू, काडेपेटी आणि हिंमत असली की जंगल माणसाला आयुष्यभर पोसतं. ससे मारा, पक्षी खातात ती फळं खा, वाहतं पाणी बिनधास्त प्या. आपले पूर्वज असेच जगले.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. तो खरा मानून कुणी निघालं तर जिवाशी गाठ आहे, म्हणून एकेक दावा तपासू.

ससे. त्यांच्या मांसात चरबी नावालाच असते. किलोभर मांसातून जेमतेम ११००-१२०० कॅलरी मिळतात. थंडीत लाकडं तोडत, पायपीट करत राहणाऱ्याला त्याच्या तिप्पट लागू शकतात. मग भरपूर खावं? तेही जमत नाही. एका मर्यादेपलीकडची प्रथिनं यकृताला झेपत नाहीत. जोडीला चरबी किंवा कंदमुळं नसतील तर मळमळ, जुलाब सुरू होतात आणि भरल्या पोटी माणूस खंगत जातो.

पक्ष्यांची फळं. यू झाडाच्या फळाचा लाल गर खाऊन थ्रश पक्षी बी तशीच बाहेर टाकतो. तीच बी माणसाने चावली तर हृदय बंद पडू शकतं.

वाहतं पाणी. जिआर्डिया हा आतड्यात जुलाब लावणारा सूक्ष्म परजीवी नितळ झऱ्यातही असतो आणि जुलाब आठवड्याने लागतात. पाण्याला निदान १ मिनिट खळखळून उकळी हवी, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं.

आता पूर्वज. मला सगळ्यात घातक वाटतो तो हाच दावा, कारण त्यात एकटा माणूस गृहीत धरलाय. १८६१ साली ऑस्ट्रेलियात कूपर क्रीक या ओढ्याच्या काठी बर्क आणि विल्स हे गोरे शोधप्रवासी खंगून मेले. जवळ बंदुका होत्या, पाणी होतं, नार्डू या नेच्याचं पीठही ते पोटभर खात होते. खाऊनही ताकद जातेय, असं विल्सने रोजनिशीत लिहून ठेवलंय. नार्डूत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. तिथले मूळ रहिवासी यांद्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच खात आले, पण भाजून, पाण्यात वाटून. त्यांनी या गोऱ्यांना मासेही दिले होते. बर्कने पिस्तूल झाडून त्यांना दूर लोटलं.

तिसरा साथीदार किंग यांद्रुवांधांकडे गेला. त्यांनी त्याला आपल्यात ठेवून घेतलं, खाऊ घातलं. सप्टेंबरमध्ये शोधपथक पोचलं तेव्हा तो जिवंत होता.