चीनला आपण मोठे केले, हा आपला गैरसमज

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा तोच वाद रंगला आहे: साम्यवादी चीनला जगाच्या पंगतीत नेहरूंनी नेऊन बसवले आणि त्याची किंमत आपण १९६२ मध्ये मोजली. नेहरूंना शिव्या घालणारे असोत वा त्यांचे कैवारी, चीनला मोठे करणारे आपणच, याविषयी दोघांनाही शंका नसते. मी हरकत घेतली, तेव्हा पुण्याच्या काकांनी ‘तुला तिकडे बसून काय कळणार’ असे सुनावले. मी बसलो आहे ते जिनिव्हात, आणि रोज सकाळी लेमान एक्स्प्रेस पकडतो ते वर्सुआला. कोरिया आणि इंडोचायना (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) या प्रश्नांवरील १९५४ च्या जिनिव्हा परिषदेसाठी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय याच गावातल्या एका बंगल्यात उतरले होते.

स्थापनेला पाच वर्षेही झाली नसताना चीनला या परिषदेला बोलावण्याचे ठरले ते बर्लिनमध्ये, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांच्या बैठकीत. कोरियात ज्यांनी अमेरिकी फौजांना थोपवून धरले, त्यांना वगळून कोरियाची चर्चा होऊ शकत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. भारताला तर निमंत्रणच नव्हते.

या नवख्या राज्याची तयारी मात्र पाहण्यासारखी होती. चिनी शिष्टमंडळाने पत्रकारांना आधी राष्ट्रदिनाच्या संचलनाचा चित्रपट दाखवला. त्यात लष्करी थाट फार आहे अशी कुजबुज झाल्याचे कळताच चौ यांनी एक ऑपेरापट दाखवायला लावला आणि निमंत्रणपत्रिकेवर ‘चिनी रोमिओ-ज्युलिएट’ असे छापवून घेतले. मधल्या सुटीत ते दिल्ली व रंगूनला जाऊन आले, मग दक्षिण चीनमधील लिउजौ येथे व्हिएतनामी साम्यवादी नेते हो ची मिन्ह यांना भेटून व्हिएतनामच्या तात्पुरत्या विभागणीसाठी त्यांचे मन वळवले. सतराव्या अक्षवृत्ताजवळची विभागणीची रेषा ठरली त्यामागे ही भेटही होती.

पुढच्या वर्षी इंडोनेशियातील बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी परिषदेला चीनला बोलवावे असा आग्रह नेहरूंनी धरला, हे काकांचे म्हणणे खरे आहे. त्या परिषदेसाठी चिनी शिष्टमंडळातील लोकांना नेणारे एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान बाँबस्फोटाने समुद्रात कोसळले आणि त्याचे वैमानिक कॅप्टन जटार त्यात गेले. मराठी घरांत चीनवर इतके बोलले जाते, पण हे नाव कुणी काढत नाही. स्वित्झर्लंडने चीनला मान्यता दिली ती आपल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, जानेवारी १९५० मध्ये. इथे मात्र त्यावरून कुणाच्या घरात अबोला धरल्याचे मी ऐकलेले नाही. इथली माणसे आपल्या हिशेबापलीकडचे श्रेय घेत नाहीत आणि दोषही घेत नाहीत.

नेहरूंचे दूत कृष्ण मेनन १९५४ च्या उन्हाळ्यात इथे जिनिव्हात होते. परिषदेत त्यांना खुर्ची नव्हती, तरी या शिष्टमंडळाकडून त्या शिष्टमंडळाकडे त्यांच्या फेऱ्या चालत. त्यांच्याविषयी मला जी आपुलकी वाटते, तिचे कारण सर्वस्वी राजकीय नाही. मला इथे कम्यूनपुरते (म्हणजे गावपालिकेपुरते) मत आहे, त्यापुढे नाही; तिकडे मतदारयादीत नाव आहे, पण बोलण्याचा अधिकार नातेवाईकांनी काढून घेतला आहे. परिषदेत खुर्ची नसतानाही, ती संपल्यावर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातील युद्धबंदीवरच्या देखरेख आयोगांचे अध्यक्षपद भारतालाच मिळाले, आणि आपल्या वादात या कामगिरीला एक ओळही मिळत नाही, याचा राग मला इथे बसूनच येतो.