"रेझिन नकली, फोटो तेलकट पडला" या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर
ताई, नमस्कार. आई-बाबांचा फोटो रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, बसवलेली ८ इंची फ्रेम तुम्ही घेतली. डाव्या कोपऱ्यात तेल सांडल्यासारखा डाग, लुगड्याच्या काठाचा निळा रंग पसरलेला, वरून बोटाचा ठसाही उमटतो, म्हणजे रेझिन नकली, असं तुम्ही लिहिलं. तुम्ही टाकलेले फोटो मोठे करून पाहिले. डाग आणि रंग, या दोन्ही चुका आमच्या. रेझिन मात्र नकली नाही.

डाग कडेपासून सुरू होऊन आत गेला आहे, बघा. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते म्हणून तो पांढरा दिसतो. तिथं रेझिन शिरलं की आलूबोंड्याच्या कागदासारखा आरपार दिसायला लागतो. रेझिन आत शिरू नये म्हणून आम्ही फोटो दोन्ही बाजूंनी गम लावून सील केला, पण मापात कापला नंतर. कापलेली कड उघडी राहिली आणि तिथूनच तो रेझिन प्यायला.

निळा रंग तर रेझिन ओतायच्या आधीच पसरला होता. प्रिंट झेरॉक्सच्या दुकानातली, इंकजेटची. तिची शाई बहुतेक वेळा पाण्यानं सुटते, आणि आम्ही तिच्यावर पाण्याचा पांढरा गम ब्रशनं फिरवला. कोपऱ्याला ओलं बोट लावलं असतं तरी कळलं असतं. अशा प्रिंटला ब्रश लावायचाच नाही. क्लिअर ॲक्रिलिक स्प्रेचे ३ हलके हात, मध्ये २०-२० मिनिटं, कडांनाही, मग २४ तास सुकवणं. एकाच दमात जाड हात मारला तर स्प्रेनंही शाई सुटते. लेसर प्रिंटचा टोनर, म्हणजे शाईची पूड, प्लास्टिकचा, तो पाण्यानं सुटत नाही. कडा मात्र त्याच्याही बंद कराव्याच लागतात.

आता ठसा. फ्रेम टिनाच्या पत्र्याला टेकून टांगलेली दिसते. साधं एपॉक्सी, म्हणजे हेच रेझिन, ५० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ असतं, तिथं पत्र्याचं काय सांगावं! पहाटे हात लावून बघा. तेव्हा कडक लागली तर दोष उन्हाचा, चिकट लागली तर हार्डनरचं, म्हणजे रेझिन घट्ट करायला त्यात मिसळतात त्या द्रवाचं, माप आमच्याकडून चुकलं. तोवर विटांच्या भिंतीवर लावा.

नवी फ्रेम विनामूल्य करून देतो. फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारीक तपशील जातो. अल्बममधला मूळ फोटो देऊ नका, रेझिनमध्ये गेलेला परत निघत नाही. यावेळी प्रिंट फोटो लॅबच्या कागदावर काढू; त्याला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, फक्त कडा पितात. खाली ३ मिमी रेझिन ओतून ते जेलीसारखं झालं की वर थोडं पातळ रेझिन सोडायचं आणि फोटो किंचित वाकवून मधून कडेकडे टेकवायचा, म्हणजे खाली हवा अडकत नाही. मग वरचा थर. पक्कं व्हायला ७ दिवस, त्याआधी पाठवणार नाही.

पैसेच परत हवे असतील तर तसं कळवा. कुरिअरचा खर्च आमच्याकडे.