‘अर्धवट नाटकं, पूर्ण तिकीट’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर, दोन्ही वाचले. आमच्या नव्या नाटकांच्या महोत्सवात तुम्ही दोन अभिवाचनं (म्हणजे नट संहिता हातात धरून वाचतात ती) आणि एक प्रयोग पाहिला. तक्रारी अशा: नटांच्या हातात कागद होते, एका नाटकाचा दुसरा अंक कोसळतो, एक नाटक झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीत होतं, ते निम्मं डोक्यावरून गेलं, शिव्या फार, ओळखीचा एकही चेहरा नाही, नाटकापेक्षा चर्चा लांबली, आणि रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं उशीर झाला म्हणून तिकीट असूनही दारातून परत पाठवलं. एकूण निष्कर्ष, ‘अर्धवट नाटकं दाखवून पूर्ण तिकीट घेतात.’

ही नाटकाची जागा मी चालवतो, भाडं मी भरतो आणि महोत्सवासाठी नाटकं निवडणाऱ्यांतही मी असतो. त्यामुळे उत्तर मीच देतो. तुमचा मजकूर वाचून आणखी काही जण यायचं की नाही ते ठरवतील, म्हणून जरा सविस्तर.

आधी पैशांचं. अभिवाचनाचं तिकीट १५० रुपये होतं, प्रयोगाचं ३००. दोन्ही दर फळ्यावर वेगवेगळे लिहिलेले होते, वाचनापुढे ‘अभिवाचन’ हा शब्दही होता. तेव्हा ‘पूर्ण तिकीट’ तुम्ही एकाच गोष्टीचं काढलंत, आणि ती पूर्ण होती.

आता कागद. पाठ करून या की, असं तुम्ही म्हणता. नवं नाटक उभं करायचं तर महिना-दीड महिना तालीम, तालमीच्या जागेचं भाडं, नेपथ्य, प्रकाश, कपडे. एवढा खर्च झाल्यावर नाटक बदलायला कुणी धजत नाही. वाड्याचा सेट बांधून झाल्यावर ‘हे सगळं एसटी स्टँडवर घडायला हवं होतं’ असं लेखकाला सुचून उपयोग काय? व्यावसायिक नाटकात तर नटांची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, ठरलेली, नाट्यगृहाच्या तारखा घेतलेल्या, जाहिरात छापून आलेली. शुभारंभाच्या प्रयोगाला लेखक विंगेत उभा राहतो, कुठल्या जागी प्रेक्षक चुळबुळतात ते त्याला पहिल्यांदा कळतं, आणि तोवर त्याच्या हातात काही राहिलेलं नसतं. वाचनात तेच त्याला वेळेवर कळतं. आमच्याकडे नट आणि लेखक काही दिवस एकत्र बसतात, पानं रोज बदलतात. शनिवारच्या वाचनाची शेवटची पानं त्याच दुपारी छापून आली होती. पाठांतर करायचं ते कशाचं?

ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. पुण्यातच थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांसाठी योजना राबवली, ती नाटककार सतीश आळेकरांच्या कल्पनेतून आलेली. मुंबईत ‘रेज’ या नाट्यसंस्थेने लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरबरोबर ‘रायटर्स ब्लॉक’ हा नव्या नाटककारांसाठीचा उपक्रम सुरू केला, त्यांचा पहिला महोत्सव २००४ चा. तिथेही आधी कार्यशाळा, मग खर्ड्यामागून खर्डे, आणि त्यानंतर रंगमंच. आमचा पसारा त्या मानाने अगदीच लहान आहे, मदत करणारं कुणी फाउंडेशनही नाही. जे आहे ते तुमचे १५० रुपये. त्यातून सगळ्यांत आधी लेखकाचं मानधन निघतं. नवा लेखक म्हणजे फुकट लिहिणारा, हा आपल्याकडचा समज निदान आमच्या चार भिंतींत मोडावा एवढी इच्छा आहे.

इथे जुन्या गाजलेल्या नाटकांची यादी देऊन ‘तेव्हाही लोक असंच म्हणाले होते’ असं सुनवायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मी टाळतो. बहुतेक नवी नाटकं पुढे गाजत नाहीत. महोत्सवातल्या सगळ्या संहिता टिकतील असं मलाही वाटत नाही. त्यातली दोन तर मला स्वतःला फारशी आवडलेली नाहीत. निवड समितीत माझं मत एकच असतं.

झाडीबोलीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. ‘पुण्यात दाखवायचं तर सबटायटल द्या, नाहीतर प्रमाण मराठीत करा’ असं तुम्ही लिहिलंय. ते नाटक गडचिरोलीकडच्या तरुण लेखकाचं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात धान निघालं की नाटकांचा हंगाम लागतो. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, गावोगावचे लोक तिथे येऊन नाटक ठरवतात. मांडव पडतो, रात्री पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. तिकडच्या कंपन्या हंगामाला नवी नाटकं काढतात आणि ती तिकीट लावून चालतात. आपण इथे शहरात ‘नवे नाटककार कुठे गेले’ यावर परिसंवाद घेतो, तेव्हा तिकडे कुणीतरी पुढच्या हंगामाचं नाटक लिहीत बसलेला असतो. हा मुलगा त्यातलाच. निवडीच्या वेळी मीही त्याला विचारलं होतं की शहरातल्या प्रेक्षकासाठी भाषा थोडी सोपी करशील का. तो म्हणाला, आमच्याकडे बोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते आणि रडायची वेळ आली की सगळे पुस्तकी मराठीत रडतात. मला या आईला तिच्या भाषेत रडू द्यायचंय. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून नाटक जसंच्या तसं ठेवलं. मालवणीतलं ‘वस्त्रहरण’ बघताना मुंबई-पुण्यात कुणाला सबटायटल लागली नाहीत. पहिली दहा मिनिटं कान अडखळतो, मग सरावतो. तुम्ही मध्यंतरात उठलात असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा सरावाची वेळ झाली होती. पुढच्या वेळीही सबटायटल देणार नाही. नटांकडे बघायचं की पडद्याकडे, या ओढाताणीत छोट्या जागेतलं नाटक मरतं.

शिव्या: प्रयोगाची संहिता नाटकं आधी तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणपत्र घेऊन आलेली होती. असं मंडळ असावं का, याबद्दल माझं मत निराळं आहे, पण ‘यांना कुणी विचारत नाही का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच की विचारतात.

ओळखीचे चेहरे नव्हते, खरं आहे. मालिकेतला एखादा चेहरा घेतला असता तर जागा भरल्या असत्या आणि चर्चा त्या चेहऱ्यावर झाली असती.

चर्चेबद्दल तुमच्याशी थोडा सहमत आहे. नियम साधा आहे: प्रेक्षकाने काय कळलं आणि कुठे कंटाळा आला तेवढं सांगायचं, नाटक कसं लिहावं ते सांगायचं नाही, लेखकाने ऐकायचं, खुलासे करायचे नाहीत. लेखक नियम पाळतात. प्रेक्षकांतले काही ज्येष्ठ माइक हातात आला की स्वतःच्या न झालेल्या नाटकाची गोष्ट सांगू लागतात. त्या दिवशीच्या गृहस्थांकडून माइक परत घ्यायला आमच्या सूत्रसंचालक मुलीला जो वेळ लागला, तो तिच्या वयाकडे आणि त्यांच्या वयाकडे पाहता मला समजण्यासारखा वाटतो. तरीही चर्चा बंद होणार नाही. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी खुशाल उठून जावं, कुणी वाईट मानत नाही.

उशिराचं. आमच्या जागेला एकच दार आहे आणि ते रंगमंचाच्या कडेला उघडतं. उशिरा आलेला माणूस थेट नाटकात शिरतो. रविवारच्या नाटकाची सुरुवात दोन बहिणींच्या शांत बसण्यापासून होती. तिथे मोबाइलचा टॉर्च लावून खुर्ची शोधणारे तुम्ही, हे लेखकाने लिहिलेलं नव्हतं. नाटक सुरू झाल्यावर प्रवेश नाही आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत, हे तिकिटावर छापलेलं आहे. पैसे परत करत नाही. कर्वे रस्त्यावरच्या वाहतुकीचा त्रास मलाही होतो, पण त्या संध्याकाळी बाकीचे प्रेक्षक त्याच रस्त्याने आले होते.

राहिला तुम्ही ऐकलेल्या वाचनातला दुसरा अंक. ‘धाकटी घर सोडून का जाते ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तिची दया येत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या तक्रारीतलं हे वाक्य मला सगळ्यांत कामाचं वाटलं. तुमचं नाव न सांगता ते लेखिकेला पाठवलं. तिने वाचनाच्या वेळी वहीत त्याच जागेवर खूण केली होती. आता तो अंक ती नव्याने लिहिते आहे. धाकटीचा जाण्याचा प्रवेश पहिल्या अंकात आणायचा की काढूनच टाकायचा, यावर तिचं आणि दिग्दर्शकाचं रोज भांडण चालू आहे.

नवा खर्डा झाला की त्याचं वाचन आमच्याच जागेत होईल, नटांच्या हातात पुन्हा कागद असतील. त्या वाचनाला तिकीट ठेवलेलं नाही, फक्त आधी कळवावं लागतं, कारण खुर्च्या मोजक्या आहेत. तुम्ही याल तर एक धरून ठेवतो. तारीख दारातल्या फळ्यावर लावू.